स्लॅबवर खायचं काय

६ एप्रिल २०२५, रविवार. सकाळी ७.

उठल्या उठल्या साकोलीला मुलीकडे फोन लावला. दर रविवारची विचारपूस. प्रतिक्षा कशी आहे? बरी आहे, कंबर धरते. जवाई विनोदराव? ॲसिडिटी. विहीणबाई? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याला हिरवी पट्टी बांधून टीव्ही ऐकत बसतात. त्यांचं कुत्रं? तेही बरं आहे. मग प्रतिक्षाने विचारलं, तुमची तब्येत कशी आहे बाबूजी? म्हटलं, ठणठणीत. (खालची कवळी ढिली झाली, जिना चढताना गुडघा वाजतो, झोप येत नाही. पण हे काय फोनवर सांगायचे विषय आहेत?)

घरातलीच तब्येत विचारायची राहिली, म्हणून फोन ठेवून प्रतिक्षाच्या मायला विचारलं, तुझी कशी आहे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माही शुगर बरी हाय. पण या बरसातीत मी इथं राहत नाही. मृग लागला का साकोलीले जातो. चार महिने."

नवी वही त्यासाठीच काढली आहे.

खुलासा लिहून ठेवतो. पाच वर्षांपूर्वी वैनगंगेचं पाणी गावात घुसलं. आम्ही दोघं दोन दिवस स्लॅबवर. चूल पाण्यात, वर फक्त कच्चे तांदूळ. तिने सवयीने सकाळची शुगरची गोळी घेतली, पोटात काही नाही, दुपारी घेरी येऊन पडली. शेजारच्या भय्याजीने त्याच्या माडीवरून गुळाचा खडा फेकला म्हणून निभावलं. त्या दिवशी सकाळी "पाणी येत नाही" असं गावाला मीच सांगितलं होतं. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात नदीचं गेज, म्हणजे पाण्याच्या पातळीची पट्टी, वाचली, म्हणून लोकांनी ऐकलं. तो विषय वेगळा.

तिला म्हटलं, मृगाच्या आत स्लॅबवर तीन दिवस पुरेल असा खाण्याचा स्टॉक करून दाखवतो. ना चूल लागेल, ना पाणी. मग राहशील? म्हणाली, बगू. म्हणजे हो.

हेही म्हणाली की नाहीतर तुमीबी चला. पोरीच्या घरी चार महिने जवायाच्या ताटावर बसू? साकोलीचे लोक काय म्हणतील?

मृग ८ जूनला. दोन महिने हातात आहेत. भरपूर झाले.

८ एप्रिल, मंगळवार. दुपार.

मोबाईलवर अभ्यास केला. डोळे गेले. अशा कामाला एनर्जी बार सगळ्यात बरा, असं दिसतं. लहान, कोरडा, पोटाला आधार. अटी ठरवल्या: शिजवावा लागू नये, उन्हात वितळू नये, मुंग्या लागू नयेत, एक्सपायरी लांबची असावी. अमेरिकेत पाच वर्षं टिकणारे मिळतात. जवायाला फोन करून विचारलं. ते म्हणाले, बाबूजी, त्याची चव विटेसारखी असते म्हणतात. रद्द केले. आणि पाच वर्षं मी स्वतः टिकीन याची गॅरंटी कोणी दिली आहे? नऊ महिनेवाले चालतील.

थकलो. झोपतो.

१४ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ६.

जयंती. जवाई साकोलीहून आले, सोबत माझा माल: खजुराचे बार, ओट्सचे बार, प्रोटीनवाले बार, सगळे मिळून अठ्ठेचाळीस. शिवाय चिक्की आणि मोठी पिशवीभर फुटाणे. सगळं पत्र्याच्या पेटीत रचलं. पेटीवर खडूने लिहिलं: आपत्कालीन. हात लावू नये.

रॅली संपल्यावर आंधळगावचे साळे-मेव्हणे आले, बारा जण. बिस्किटं सकाळीच संपली होती. पाहुणा समोर बसला असताना घरात खायचं असून नुसता चहा देणं मला या जन्मात जमलेलं नाही. एकेक बार दिला. लहान साळ्याने दुसरा मागितला नाही, पण पेटीकडे पाहत राहिला, म्हणून दिला.

शिल्लक पस्तीस. एका अर्थाने चाचणीच झाली. सगळ्यांना आवडले.

१७ एप्रिल, गुरुवार.

चव आणि चर्वण यांची चाचणी. प्रोटीनवाल्या बारने माझी खालची कवळी बाहेर ओढली. बार तसाच राहिला, कवळी त्यात. सुरीने सोडवावी लागली. प्रतिक्षाची माय हे सगळं पाहत होती. मग तिने तोंड उघडून स्वतःच्या डाव्या दाढा कुठे कुठे नाहीत ते बोटाने दाखवलं आणि चूल सारवायला गेली.

नवी अट, सगळ्यात वर: चावता आला पाहिजे. प्रोटीनवाले आणि चिक्की बाद. बाद झालेला माल भय्याजीला दिला, त्याचे दात शाबूत आहेत.

१९ एप्रिल. खजूर बार तपासला. उत्तम.

२० एप्रिल. काल चहासोबत खाल्ला होता, त्यामुळे खरी चव कळली नसावी. कोरडा तपासला. उत्तम.

२१ एप्रिल. पुरात माणूस घाबरलेला असतो. घाबरून खाल्ल्यावर कसा लागतो ते पाहिलं पाहिजे. घाबरता आलं नाही. बार उत्तम.

२५ एप्रिल, शुक्रवार.

प्रतिक्षाचा फोन. तिच्या डॉक्टरला तिने विचारलं. गोड फक्त शुगर खाली गेली तर द्यायचं, एरवी आईला पोटभर खारं काही पाहिजे. मी म्हटलं, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर फुटाणे आणले. खजूर ती पडली तर, फुटाणे ती पडू नये म्हणून.

फोन ठेवून पेटी उघडली. फुटाणे पिशवीच्या तळाला. मला वाटलं उंदीर. मग आठवलं, संध्याकाळी मी आणि भय्याजी ओट्यावर बसून पुराच्या नियोजनाची चर्चा करतो तेव्हा हाताला काहीतरी लागतं.

चर्चा कमी करायची. ठरलं.

२ मे, शुक्रवार. दुपारी २.

उष्णतेची चाचणी. भंडाऱ्यात चव्वेचाळीस डिग्री म्हणे. तीन बार स्लॅबवर ठेवले. तासाभराने ओट्सवाल्यावरचं चॉकलेट वाहून मोरीच्या दिशेने निघालं. खजूरवाला मऊ झाला पण जागेवर राहिला. मुंग्या मात्र आमच्या आधी पोचल्या. ओट्सवाले बाद. मुंग्यांसाठी पावडरीची रेघ आखायची.

खाली उतरताना गुडघा वाजला. प्रतिक्षाची माय म्हणाली, हे का भर उन्हात चढ-उतर करून राहिले, पुरात वाहून जाल का नाही मालूम नाही, पण या उन्हात नक्की जाल. मी म्हटलं, तुझ्यासाठीच करून राहिलो. तिने पाणी दिलं.

६ मे, मंगळवार.

आज ड्रिल. म्हणजे पूर आला असं समजून दिवसभर स्लॅबवर राहायचं. ताडपत्री, एक बाटली पाणी, तीन बार. पहाटे सहाला वर गेलो. तिला म्हटलं, संध्याकाळपर्यंत हाक मारू नको, मी पुरात आहे.

सव्वासहाला पहिला बार. साडेसातला दुसरा. आठ वाजता भय्याजीने त्याच्या माडीवरून विचारलं, का हो हिरालालभाऊ, रुसून बसले का? खुलासा केला. त्याने वरूनच मान हलवली. साडेआठला तिसरा.

नऊ वाजता खालून वांग्याच्या भाजीचा वास आला. खऱ्या पुरात भाजी होत नाही, त्यामुळे ड्रिल बिघडली ती माझी चूक नाही. नऊ चाळीसला उतरलो. दोन वेळा भात घेतला. तिने वाढताना विचारलं, पूर ओसरला का? म्हटलं, ओसरला.

निष्कर्ष: एका माणसाला दिवसाला तीन बार कमी पडतात. सहा पाहिजेत. दोन माणसं, तीन दिवस, छत्तीस.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा. चाचणी बंद. विहारात खीर होती. दोन वाट्या. अंगात त्राण नाही, उन्हाने.

१५ मे, गुरुवार. संध्याकाळी ७.

मोजणी. खजूर बार अकरा. अकराच? पुन्हा मोजले. अकरा.

जवायाला सांगून आणखी एक पेटी मागवली, चोवीस बार, आजच बसने आली. त्यांनी काही विचारलं नाही, चांगला माणूस आहे. आता पस्तीस. एक कमी आहे, पण तिचं जेवण चिमणीचं आहे. चालतंय.

प्रश्न साठवणुकीचा. पत्र्याच्या पेटीत वितळतात. आणि भय्याजीला पेटीची जागा माहीत आहे. (माझं सोडा. माझा हात फक्त चाचणीसाठी जातो.) दुपारभर विचार केला आणि सुचलं. इतके दिवस समोर होतं!

धान. मागच्या खोलीत मागच्या हंगामाच्या धानाचे नऊ कट्टे, म्हणजे पोती, रचलेले आहेत. धानाच्या पोटात गारवा असतो, ओल नसते, मुंगी जात नाही. आमची आजी त्यातच अंडी ठेवायची. कट्ट्यांत खोल हात घालून बार पुरले. दोन कट्ट्यांत मिळून पस्तीस. कोणते दोन, ते इथे लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागली तर? फक्त खूण म्हणून त्या दोन कट्ट्यांच्या तोंडाला कडुनिंबाची एकेक डहाळी बांधली.

तिला इतकंच सांगितलं, स्टॉक सुरक्षित आहे. तिने विचारलं, कुठे? म्हटलं, वेळ आली की दिसेल. बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं तिने. आणि म्हणाली, मग बगू, राहतो बी कदाचित. तीस वर्षांच्या नोकरीत शाबासकी मिळाली नव्हती, ती आज मिळाली.

२५ मे, रविवार.

साकोलीची विचारपूस केली. विहीणबाईंची पट्टी सुटली, आता कुत्रं कसं दिसतं याची तक्रार करतात. प्रतिक्षाला आई म्हणाली आहे की यंदा कदाचित येणार नाही. मी मागून ऐकलं.

१ जून, रविवार. सकाळी ८.

घरचे तांदूळ संपले. दोन कट्टे मिलला न्यायचे. मागच्या खोलीत गेलो तर नऊच्या नऊ कट्ट्यांच्या तोंडाला कडुनिंब.

विचारलं. ती म्हणाली, "तुमी दोनच कट्ट्याले पाला घातला. बाकीचे काय किड्यायसाठी ठेवले? मी सगळ्यायले घातला."

गेज वाचलेला माणूस आहे, जागा विसरत नाही. माझे दोन भिंतीकडचे होते. पक्के. समोरचे दोन बैलबंडीत टाकून आंधळगाव रस्त्यावरच्या श्यामरावच्या छोट्या राईस मिलला पाठवले. स्वतः गेलो नाही. गुडघा.

दुपारी ३. भिंतीकडच्या दोन कट्ट्यांत हात घातला. कोपरापर्यंत. धानच धान.

दुपारी ३.२०. श्यामरावचा फोन. घेतला नाही. मिलमध्ये आवाज असतो, काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी ५. श्यामराव स्वतः आला. मोटारसायकलवर पुढे एक पोतं. ओट्यावर उघडलं. तांदूळ होते, पण गोळ्यांनी. तपकिरी, चिकट, मध्ये चांदीच्या कागदाचे तुकडे. मशीन दोन तास खोलून बसला होता. त्याच्या मिशीलाही लागलेलं होतं. मी बसा म्हटलं. तो बसला नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "आमाले सांगा तरी, कोणतं बियाणं पेरलं होतं? तुमच्या धानात खजूर लागलं."

भय्याजी त्याच्या ओट्यावरून हसला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो घरात गेला. प्रतिक्षाची माय दारात उभी होती. तिने श्यामरावला चहा दिला, पोतं आत घेतलं, आणि ते चिकट तांदूळ एकेक करून सोडवायला बसली. अंधार पडेपर्यंत.

स्टॉकबद्दल तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. उत्तर तयार होतं.

३ जून, मंगळवार.

बाकीचे सगळे कट्टे मोकळे केले. न जाणो. सापडला नाही एकही. एका कट्ट्यात उंदराचं घर मात्र सापडलं, त्याच्याकडे फुटाणे होते. माझ्यापेक्षा त्याचं नियोजन बरं.

पाच दिवस आहेत. सिहोऱ्याच्या दुकानात काय मिळतं ते पाहतो. मुरमुरे, पोहे, शेव. बार काही आकाशातून पडलेले नाहीत.

५ जून, गुरुवार.

सिहोऱ्याला गेलो नाही. ऊन. कंबर.

७ जून, शनिवार. सकाळी १०.

ती पिशवी भरत होती. दोन लुगडी, गोळ्यांची पट्टी, चष्मा. मी म्हटलं, मृग उद्या आहे, आजचा दिवस आहे अजून, दुपारपर्यंत सिहोऱ्याहून सगळं आणतो. नुसता एक दिवस दे. ती खाली बसली. तिचा आवाज चढत नाही कधी, आजही चढला नाही.

"आयका," ती म्हणाली. "तुमी दोन महिने झाले स्लॅबवर का खायचं ते शोधून राहिले. मले स्लॅबवरच जायचं नाही. पयल्या दिवशी सांगतलं होतं. त्या दिवशी मी पडलो तं तुमी माह्याकडे नाही, नदीकडे पाहत होते."

मी म्हटलं, पाणी किती चढलं ते पाहत होतो.

"मालूम हाय," ती म्हणाली. "म्हून तं म्हणतो, तुमीबी चला."

पिशवी उचलली, बस स्टॉपपर्यंत घेऊन गेलो. गुडघा वाजला नाही, नेमका आजच. साकोलीची गाडी वेळेवर आली, ती एरवी कधी येत नाही. खिडकीतून तिने हात केला नाही, पण गाडी वळेपर्यंत पाहत होती. मीही उभा होतो. पुढच्या बसचा टाईम फळ्यावर वाचला. सहज.

८ जून, रविवार.

मृग. आकाश कोरडं. साकोलीला फोन लावला. सगळे बरे. तिची शुगर? बरी. जेवली? जेवली. ती फोनवर हो आणि नाही एवढंच बोलते, बाजूला सगळं घर ऐकत असतं.

भात टाकला. दोघांचा टाकला, सवयीने. उरला.

११ जून, बुधवार.

भय्याजी येऊन बसला. हात रिकामे. चहासोबत द्यायला घरात काही नाही, हे त्याला पहिल्यांदाच सांगितलं. तो म्हणाला, राहू द्या भाऊ. आणि स्वतःच्या खिशातून चिक्की काढून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी एप्रिलमध्ये दिली होती ती. मला चावत नाही, हे त्याला सांगितलं नाही. हातात धरून बसलो.

१४ जून, शनिवार. दुपार.

फोनवर जमत नाही म्हणून पत्र लिहितो आहे. आधी इथे कच्चं लिहून काढतो, मग चांगल्या कागदावर उतरवीन.

पार्वता,

तू चौथीपर्यंत शिकलीस, मी सातवीपर्यंत, तेव्हा अक्षर लागेल. इकडे सगळं ठीक आहे. नदी पात्रात आहे. रोज सकाळी जाऊन पाहतो, पगार मिळत नाही तरी. तू सोडवलेले तांदूळ आता खातो आहे, भात थोडा गोड होतो.

एक लिहायचं होतं. त्या सकाळी गेजचा आकडा मी बरोबर वाचला होता. बाकीचं चुकलं. गावाला सांगितलं तेही चुकलं, आणि तू पडलीस तेव्हा तिकडे पाहत होतो तेही. पाच वर्षं झाली, सांगायला वेळ मिळाला नाही. वेळ होता म्हणा. चाचण्या चालू होत्या.

प्रतिक्षाला, विनोदरावांना, विहीणबाईंना नमस्कार. जवायांना हे पत्र दाखवू नको.

आणखी एक. त्यांच्या समोरच्या खोलीत खिडकीखाली माझी खाट बसेल का, हे वितीने मोजून कळव. साडेआठ विती लांब आहे, मी आत्ताच मोजली. येतोच आहे असं नाही. लोक काय म्हणतील ते आहेच. पण इमर्जन्सी म्हणून माहीत असलेलं बरं.

विती मोजून झाल्या की दोन ओळी लिही. लवकर लिही. इथून साकोलीची बस सकाळी नऊला आणि दुपारी दोनला आहे.

तुझा,
हिरालाल